खैरूनबीच्या ओट्यावरची रेंज

फोन तुमचा, बोलनं तुमचं, पन मधी तोंड घालनार खैरूनबी. गावातला बाळू ड्रायव्हर एकदा तिच्या ओट्यावर बसून मालकाला सांगून राह्यला व्हता, "शेठ, अंबडलाच हाये मी. टायर पंक्चर झालं. निघालोच." खैरूनबीनं त्याच्या कानापाशी तोंड नेलं अन् अशी वरडली, "झूट! इथंच बसलाय! चाय पिऊन राह्यला!"

बाळूनं कपाळाला हात लावला. ही बाई मातर शांत. म्हन्ली, "मेरे ओटे पे झूट न्हाई चलता. झूट बोले की रेंज जाती."

असली ही माही शेजारीन. मी नवी नवरी होऊन आले तव्हापासून शेजारीन. तुम्ही हसाल, हसा. ज्याला तिच्या शेजारी दिवस काढायचेत त्याला इचारा.

आता ही रेंजची भानगड काय ते सांगते. आमचं गाव खड्ड्यात हाये, तिन्ही अंगाला टेकाडं. टावर लांब, अंबडच्या अंगाला. दोन टेकाडांच्या फटीतून जी थोडी रेंज येती ती नेमकी खैरूनबीच्या ओट्यावर उतरती. ओट्याखाली पाय ठेवला की गेली. सरपंचाच्या माडीवर न्हाई, शाळेत न्हाई, दवाखान्यात न्हाई. खैरूनबीच्या ओट्यावर. देवाला बी कुठं काय द्यावं ते कळत न्हाई.

खैरूनबीचा धंदा बांगड्या भरायचा. नवरा व्हता तव्हा दोघं कुंभार पिंपळगावच्या बाजारात दुकान लावायची. नवरा गेला, मंग ओट्यावरच टोपलं मांडून बसायची. गावातल्या सगळ्या पोरी तिच्याच हाताखालून सासरी गेल्या. मंग दिवस फिरले. आजकालच्या पोरी बाजारातून बांगड्याचं पाकीट आनत्यात अन् आपल्या आपन घालत्यात. टोपल्यावर धूळ बसली. तेवढ्यात गावात फोन आले, अन् ओटा परत भरला.

पन हाताची खोड गेली न्हाई. तुम्ही एका कानाला फोन लावला की ती तुमचा मोकळा हात धरनार. धरनार अन् दाबनार, बोटं मिटवनार, पंजा चोळनार. जशी काय आत्ता बांगडी चढवायचीय. माह्या पोरीच्या लग्नाची बोलनी चालू व्हती, पलीकडं व्याही. हिनं माहा हात असा दाबला की मी फोनातच वरडले, "अगं सोड, दुखून राह्यलं!" व्याही घाबरला. म्हन्ला, "ताई, आम्ही तर अजून काही मागितलंच न्हाई."

अन् ओट्याचे कायदे किती! सुना आधी बोलनार, मान्सं मागून. माहेराला फोन लावून रडायचं असंल तर खुशाल रडा, कितीबी येळ. बायकोवर वरडायचं न्हाई. कोनी शिवी दिली की त्याच्या हातात झाडू. सरपंचानं बी तो ओटा झाडलाय, मी माह्या डोळ्यानं पाह्यलाय.

आता माहं सांगते, मंग तुमाला माहा राग कशाचा ते कळंल.

पहिले रेशनवाला तोंड बघून धान्य द्यायचा. आता तोंडाला किंमत न्हाई. मशीनला अंगठा पाह्यजे, अन् मशीनला रेंज पाह्यजे. म्हनून रेशनवाला मशीन घेऊन खैरूनबीच्या ओट्यावर, अन् आमी म्हाताऱ्या खाली उन्हात रांगेत. मी दुसरीतून शाळा सोडली अन् हातात खुरपं घेतलं. दुष्काळात खडी फोडली. कोयता घेऊन ऊस तोडायला गेले, पोरगं पाचटावर निजवून. अंगठ्याच्या रेघा तिकडंच पडून राह्यल्या कुठंतरी. आता मशीन म्हन्ती ही बाई ती न्हाई. मी ती न्हाई तर मंग कोन हाये? माहं तिथं एवढं झिजलं, त्याची कुठं नोंद न्हाई, अन् झिजला म्हनून अंगठा मातर खोटा!

अंगठा लागला तर रेंज जाती. रेंज आली तर अंगठा लागना. दोन्ही जुळलं न्हाई की त्या महिन्याचं धान्य गेलं. रेशनवाला म्हन्तो, "मावशी, माह्या हातात काही न्हाई." मंग कोनाच्या हातात हाये ते तरी सांगा, त्याच्या दारात जाऊन बसते. मी रडनारी बाई न्हाई. नवरा गेला तव्हा बी दुसऱ्या दिवशी कामाला गेल्ते. पन त्या मशीनीम्होरं उभं राह्यलं की माहं डोकं सनकतं.

अशात एका रेशनच्या दिवशी गावात एक जीप आली. जीपमधून एक पोरगी उतरली, गळ्यात कार्ड, हातात यंत्र. गल्लीबोळातून हळूहळू चालून राह्यली, जरा थांबती, यंत्रात बघती, परत चालती. आमाला वाटलं हिचं काही हरवलं.

खैरूनबीनं ओट्यावरून हाक मारली, "क्या ढूंढती गे?"

"आजी, टॉवर कुठं बसवला तर कुठवर पोचेल ते मोजतेय. नवीन येणार आहे, फाईव्ह-जी."

"पाचवा?"

"हो, पाचवा."

"अन् उसके बाद?"

"मग सहावा. त्याचं संशोधन चालू आहे." पोरगी मोठी गोड, मायंनं सांगत व्हती. "त्यात ना आजी, डॉक्टर मुंबईत बसून इथल्या माणसाला तपासतील. शेतातली माती स्वतः सांगेल, मला पाणी पाहिजे म्हणून."

मी रांगेतूनच म्हन्ले, "बाई, माती बोलायची तव्हा बोलू दे. माहा अंगठा कव्हा बोलनार ते सांग."

राग यायचा न्हाई तर काय! आमचं गाव पहिलीतच नापास होऊन बसलंय, अन् ह्यायनी सहावीची पुस्तकं छापायला घेतली. पन ती पोरगी हसली न्हाई. जवळ आली, माहा अंगठा बघितला अन् म्हन्ली, "अंगठ्याचं मी काही करू शकत नाही, आजी. पण टॉवर झाला की मशीन दुकानातच चालेल. सावलीत बसून हवे तितक्या वेळा अंगठा लावा, रेंज जाणार नाही."

बस, मला तेवढंच पाह्यजे व्हतं. पाचवा असो की पंचविसावा.

अन् माही शेजारीन काय म्हनावं? टावर नको!

संध्याकाळी दारोदार फिरून राह्यली. "टावर आला की चिमन्या मरत्यात. कपाशीची बोंडं गळत्यात. बकरीचं दूध आटतं."

मी म्हन्ले, "तुही बकरी तर मागच्या साली इकली तू."

"इसीच वास्ते इकली!" म्हन्ली.

टावर गायरानावर बसनार व्हता, म्हनून ग्रामसभेत ठराव पाह्यजे व्हता. शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली. सरपंच उठला, "विकासाच्या दृष्टीनं बघितलं तर…" तेवढ्यात खैरूनबी उभी राह्यली. "ए सरपंच, परवा मेरे ओटे पे बैठके फोन पे क्या बोला, बताऊ क्या सबको?" सरपंच खाली बसला अन् पानी पिऊ लागला. गावातल्या एकाबी मान्साचं तोंड उघडना. सगळ्यायनीच तिथून फोन केलेले! अन् बाया तर सगळ्या तिच्याच बाजूच्या.

मंग ती इंजिनिअर पोरगी उठली. चिमन्याचं सांगितलं, कपाशीचं सांगितलं, न चिडता सांगितलं. शेवटी म्हन्ली, "आणि आजी, आता कुणालाच कुठं जायची गरज नाही. आपापल्या घरात बसून, अंथरुणात पडून बोला."

लोकायनी टाळ्या वाजवल्या. खैरूनबी उभीच. म्हन्ली, "मंग ओट्यावर कोन येनार?"

सगळी सभा हसली. मी बी हसले असते, पन मला माह्या धान्याचं पडलं व्हतं. बाया नको म्हन्ल्या अन् ठराव फुडच्या सभेवर गेला.

वाटंतच तिला गाठलं. "खैरूनबी, तुह्या ओट्यापायी मी उपाशी मरू का गं?"

"तेरे को कौन उपाशी रखता? मैं देती ना रोटी. रोज आ, बैठ, खा."

"मला तुही भाकर नको. माहं हक्काचं धान्य पाह्यजे. ते बी तुह्या पायरीशी उभं न राहता."

त्या दिवसापासून मी तिच्या ओट्याला पाय लावला न्हाई. रेशनचा दिवस आला. मशीन आली, रांग लागली. ती ओट्यावरून हाका मारून राह्यली, "भागे! आ गे जल्दी! रेंज आयी!" मी घरात ज्वारी निसत बसले. ज्वारी तरी कुठली, तळाला व्हती तेवढी. रेशनवाला मशीन घेऊन गेला. त्या महिन्याचं धान्य गेलं. जाऊ दे म्हन्लं.

मंग ह्या वयात परत खुरपं काढलं अन् दुसऱ्याच्या रानात निंदायला गेले. सकाळी निघताना ती ओट्यावर बसलेली असायची, येताना बी बसलेली असायची. मी बघायचे न्हाई. ती मातर बघायची. माही कंबर धरलेली, मी भिंतीला धरून चालायचे, ते सगळं बघायची. एरवी मेल्या कोंबडीवर बी घंटाभर बोलनारी बाई, एक सबुद काढला न्हाई.

फुडची सभा भरली. सरपंचानं आधीच पान्याचा तांब्या जवळ ठेवला व्हता. खैरूनबी उठली.

"बसवा टावर."

बाया एकमेकीकडं बघाय लागल्या. सरपंचाला खरंच वाटंना. म्हन्ला, "अन् खैरूनबी, चिमन्याचं काय?"

"चिमन्या उडके जातील कुठंबी. ये भागी कुठं जानार?" माह्याकडं बोट केलं सगळ्या गावाम्होरं. "इसका दिमाग खराब हाये. भूकी मरेगी, पर मेरे ओटे पे न्हाई चढेगी. म्हनून बसवा. जल्दी बसवा."

मला असा राग आला! मी काय तिच्याकडं सांगायला गेल्ते? गावाम्होरं माही अब्रू काढली अन् वरून उपकार केल्यावानी खाली बसली. ठराव झाला. तिनंच पहिला हात वर केला.

टावर उभा राह्यला. खरं सांगते, मशीन आता दुकानातच चालती. माहा अंगठा अजून बी चार-दोन येळा पुसावा लागतो, पन सावलीत बसून पुसते. धान्य घरात येतं. अन् लोकं आपापल्या घरात. बाळू खाटंवर पडून शेठला सांगतो अंबडला हाये म्हनून, त्याला कोनी आडवनारं न्हाई. सुना सैपाकघरात कोपऱ्याला तोंड करून माहेराला बोलत्यात. ओट्यावर कोनी येत न्हाई. खैरूनबी सकाळी झाडती, दुपारी झाडती. घान करायला कोनी आलंच न्हाई तर झाडती काय, ते तिलाच म्हाईत. आमचा अबोला चालूच व्हता.

परवा दिवेलागनीला भाकरी करायला बसले अन् फोन वाजला. पोरगं लांब शहरात कामाला, त्याचा फोन रविवारी येतो, मधी येत न्हाई. पिठाच्या हातानंच उचलला.

"हॅलो, कोन?"

"मैं."

"मैं कोन?"

"अगे मैं. खैरून. बाजूसे."

"तुह्याकडं फोन कुठून आला?"

"बाजारसे लायी. बटनवाला."

मला हसावं का चिडावं कळंना. "काय काम व्हतं?"

"काम कुछ न्हाई." "दुकानवाला पुछा, चाची, किसके नंबर भरू? मैं बोली, भागी का भर."

"अन् बाकीचे?"

इतक्या सालात त्या ओट्यावरून सगळं गाव बोललं, हिनं कव्हा कोनाला फोन लावलेला मी पाह्यला न्हाई. लावायला व्हतंच कोन?

"आवाज आता ना?" तिनं इचारलं.

आमच्या दोघींच्या मधी एका इटंची भिंत. तिचा आवाज आधी भिंतीतून येऊन राह्यला व्हता, मंग फोनातून.

"येतो," मी म्हन्ले.

"आज क्या पकायी?"

"भाकर. अन् मेथी."

"मैं बी मेथीच."

तव्यावरली भाकर करपून राह्यली व्हती. मी फोन ठेवला न्हाई.