खारूताई आणि घ्रॉम

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका रे, असतं कधीकधी! हे जंगल आपल्याकडचं नव्हे. लांब तिकडे रोमानियात, कार्पेथियन डोंगराच्या पायथ्याशी. तिथे स्मारांडा नावाची एक खारूताई राहायची. इतर खारी गालफडात बिया साठवायच्या. ही शब्द साठवायची.

डॅन्यूब नदीच्या पलीकडे रानडुकरं होती. त्यांची भाषा अलीकडच्या कुणालाच येत नव्हती. स्मारांडा ती शिकायला लागली.

"डुकरांची भाषा?" आई म्हणायची. "शिकायला दुसरं काही मिळालं नाही का गं तुला?"

पण स्मारांडा हटली नाही. शिकता शिकता शेपटीचे केस पांढरे झाले, तेव्हा कुठे विद्यापीठात नोकरी लागली. कायम नव्हे हं, तात्पुरती. दर वर्षी नेमकी थंडीच्या तोंडावर संपणारी.

नदीपलीकडे एक थोर डुक्कर-कवी होते. त्यांचं महाकाव्य स्मारांडाने अख्खंच्या अख्खं आपल्या भाषेत आणलं. आयुष्य घातलं बिचारीने त्यात. ते छापून यावं आणि वर कुठेतरी आपलंही नाव असावं, एवढीच तिची इच्छा. बाड बगलेत मारून ती कुलगुरूंकडे गेली.

कुलगुरू होते डॉ. ग्रिगोरे करकोचे. ते कायम एका पायावर उभे असत. दुसरा कधी टेकवायचा, हा विषय समितीपुढे होता.

सरांनी बाड चाळलं आणि त्यांची चोच वाजायला लागली.

"बाई, हे काय? तुम्ही 'घ्रॉम' या शब्दाचं चक्क भाषांतर केलंत?"

"केलं ना सर. घ्रॉम म्हणजे भूक."

"भूक?"

"हो. 'पहाटे घ्रॉम, दुपारी घ्रॉम, जेवून उठलो तरी घ्रॉम.' डुक्कर आहेत सर ते. दुसरं काय म्हणणार?"

सरांचा दुसरा पाय समितीला न विचारताच खाली आला. त्याचं असं होतं मुलांनो, की विद्यापीठात एक मोठा घ्रॉम-विभाग होता. घ्रॉम म्हणजे आत्म्याची हुरहूर की शून्याचा हुंकार, यावरून तिथे दोन तट पडले होते. एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. पगाराच्या दिवशी मात्र एकाच रांगेत उभे. डुकरांची भाषा त्यांच्यातल्या एकालाही येत नव्हती. एकच शब्द येत होता, आणि त्याचा अर्थ कळत नाही यावर सगळ्यांची घरं चालली होती.

"अहो, भूक म्हटलं की संपलंच सगळं," सर म्हणाले. "विभागाला कुलूप लावू का मी? शब्द आहे तसाच ठेवा. खाली तळटीप द्या, चांगली लांबलचक. पुस्तक उद्या छापतो."

"पण सर, ते खोटं होईल."

"खोटं कसलं? अभ्यासपूर्ण होईल!"

स्मारांडाने साफ नाही म्हटलं. बाड उचललं आणि ताठ मानेने घरी आली. त्या वर्षी थंडीच्या तोंडावर नोकरी संपली, ती संपलीच. बर्फ पडला. ढोली रिकामी झाली. पोटात कावळे ओरडायला लागले. आपलं भाषांतर अचूक आहे, याची तिला रोज नव्याने खात्री पटत होती.

अशात विद्यापीठाने घ्रॉमवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला. खुद्द कविवर्यांना बोलावलं. आता दुभाषी कुठून आणणार? झक मारत स्मारांडाला निरोप गेला. ती आली तशी करकोचे सरांनी तिला दारातच गाठलं.

"बाई, विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे. पुस्तकही छापून टाकू. फक्त आज जरा जपून बोला."

कविवर्य गोठलेली डॅन्यूब तुडवत आले होते. वाटेत काही मिळालं नव्हतं. त्यांना शाल दिली, पुष्पगुच्छ दिला. पुष्पगुच्छ त्यांनी उभ्या उभ्या खाऊन टाकला. शालीचाही एक कोपरा चावून पाहिला. मग भाषणं सुरू झाली. कोल्हे सर हुरहुरीवर बोलले. लांडगे सर हुंकारावर बोलले, आणि थांबेचनात. शेवटी कविवर्य पोट धरून उठले.

"घ्रॉम!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! मागच्या रांगेतली एक शेळी तर रडायलाच लागली.

"बाई," करकोचे सर म्हणाले, "कविवर्य काय म्हणाले, ते सभागृहाला सांगता का?"

स्मारांडाने कविवर्यांकडे पाहिलं. तेही तिच्याचकडे बघत होते. एवढ्या गर्दीत आपली भाषा कळणारी ही एकटीच, हे त्यांनी ओळखलं होतं. तिला भडभडून आलं. अहो, भूक लागलीय त्यांना, खायला द्या काहीतरी! अगदी ओठांवर आलं होतं. मग तिला रिकामी ढोली आठवली. न छापलेलं पुस्तक आठवलं.

"याचं भाषांतर होऊ शकत नाही," ती म्हणाली.

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. कविवर्यांना वाटलं, आता आणतील. बराच वेळ कुणी काहीच आणेना, तेव्हा ते पुन्हा म्हणाले, पण हळू आवाजात.

"घ्रॉम."

टाळ्या आणखी वाढल्या.

मग मंडळी जेवायला गेली. बेत फक्कड होता. पाहुण्यांना जेवायचं विचारायला हवं, असं दोघातिघांच्या मनात आलंही. पण त्यांची भाषा कुणाला येत होती? कविवर्य व्यासपीठावरच बसून राहिले.

प्रा. स्मारांडा पहिल्या पंगतीला बसल्या, करकोचे सरांच्या शेजारी. घास घशाखाली उतरणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. उतरला. मध घातलेले बदाम तर त्यांनी मागून घेतले.

तात्पर्य: भुकेल्याचं बोलणं कळलं, तरी ते लगेच सांगत सुटू नये. फार गहन आहे म्हणावं. त्याचं नाही, पण आपलं पोट नक्की भरतं.