मधोमध रायभान

माझी बायको नगरसेविका झाली, त्यात माझा काही दोष नाही. आमचा वॉर्ड बायकांसाठी सुटला, कडूबाईला शिट्टी हे चिन्ह मिळालं आणि ती निवडून आली. त्याआधी ती आठवडी बाजारात उन्हात बसून भाजी विकायची आणि मी बाजाराच्या तोंडाशी एका ओट्यावर शिलाई मशीन चालवायचो. मशीन मी अजूनही चालवतो. फरक एवढाच की पूर्वी लोक मला 'रायभान टेलर' म्हणायचे, आता 'ताईंचे मालक' म्हणतात. (घरात मालक कोण, हे आमच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे.)

तर माझी ओळख पुन्हा उभी करण्यासाठी मी एक साधा निर्णय घेतला. कडूबाईच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा आणि त्यात आपलाही फोटो टाकायचा. बारीकसा. कोपऱ्यात.

तिचा वाढदिवस कधी, हे तिलाही माहीत नव्हतं. पण शाळेत मास्तरांनी एक जून लिहून टाकला होता. (आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच असतो. कोणी कोणाला शुभेच्छा द्यायच्या, हा प्रश्नच पडतो.) मी तिला न सांगता फ्लेक्सवाल्या पप्पूकडं गेलो.

तिचा पासपोर्ट फोटो बघून पप्पू म्हणाला, "मामा, ह्यो मोठा केला तर फुटतो. ताई धुरकट दिसतील. तुमचा न्हाई का एखादा?"

"हाय की." मेव्हण्याच्या लग्नातला मोबाईलवर होताच. फेटा, गॉगल, मिशीला तेल.

"आयला, लय भारी! हा मधोमध घेतो. ताईंना कोपऱ्यात बसवू."

इथं मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "तुला जसं बरं दिसंल तसं."

आता घरातलं सांगतो. निवडणुकीत कडूबाईनं एकच शब्द दिला होता: बाजारात बसणाऱ्या बायकांच्या डोक्यावर सावली. शेडचा ठराव पासही झाला होता. पण शेड होणार दिवाळीच्या सुमाराला आणि ऊन होतं आत्ता. बायका रोज विचारायच्या. बिचारीचं जेवणावर लक्ष नसायचं.

"त्यांच्याच मांडीला मांडी लावून मी भाजी विकली," ती म्हणायची. "त्यांच्यापुढं खोटी पडले तर कोणत्या तोंडानं बाजारात जाऊ?"

मला फार वाईट वाटायचं. म्हणून तर मी फ्लेक्स आणखी मोठा करायला सांगितला.

एक जूनला नेमका बाजार होता. मी आणि पप्पूनं भल्या सकाळी दोन खांबांच्या मधात फ्लेक्स ताणून बांधला. मधोमध मी, बैलगाडीएवढा. खालच्या कोपऱ्यात कडूबाई, लिंबाएवढी. मी लांब उभा राहून बघतोय, तोवर मिरच्यांची पाटी घेऊन पार्वतीबाई आल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी माझा फोटो बघितला, पाटी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! रायभान गेला? कालच तर माझं झंपर शिवायला घेतलं होतं की त्यानं!"

"मावशी, मी हितंच हाय."

त्या अशा किंचाळल्या की मिरच्या गटारीपर्यंत गेल्या. आणि मग म्हणाल्या, "मग झंपर झालं का?"

ऊन चढलं तशी खरी पंचाईत सुरू झाली. बाजारात जी काय हवेची झुळूक यायची, ती त्याच दोन खांबांच्या मधून यायची. आता तिथं माझी मिशी आडवी आली होती. बायका पदरानं वारा घ्यायला लागल्या. निवडणुकीत कडूबाईपुढं पडलेला बन्सीधर अशा वेळी चुकायचा नाही.

"बघा!" तो मोठ्यानं म्हणाला. "ताईनं सावली तर दिली न्हाई, वारं बी बंद केलं!"

लोक हसायला लागले आणि तेवढ्यात कडूबाई आली. तिनं फ्लेक्स बघितला. मग मला बघितलं.

"आवं, वाढदिवस कुणाचा हाय?"

"तुझा."

"मग मी कुठंय?"

मी कोपऱ्याकडं बोट दाखवलं. ती वाकून बघून आली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला वाटलं, आता रडते. माझ्यामुळं तिची भरबाजारात शोभा झाली होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं फ्लेक्सच्या कडेला हात लावून बघितला, बोटानं ताणून बघितला.

"कापड मजबूत हाय की," ती म्हणाली. "सोडा खाली. बांबू आणा."

पालवाल्यांनी बांबू दिले. पांढरी बाजू वर, म्हणजे ऊन परततं, छपाईची खाली. चार कोपरे वर गेले आणि बायकांच्या डोक्यावर लांबरुंद सावली पडली. फक्त मधात मोठा झोल आला.

"मधोमध एक बांबू पाहिजे," कडूबाई म्हणाली. "तुमी टेलर ना? काढा कात्री."

मी टेप लावला. मधोमध माझं नाक आलं.

"जरा बाजूला घेतलं तर?"

"बाजूला घेतलं की झोल पडतो. गिऱ्हाइकाला तुमीच सांगता की."

मी माझ्या हातानं माझं नाक गोल कापलं. बांबू आरपार गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि बन्सीधर कामाची आठवण होऊन निघून गेला.

त्या दिवसापासून आमच्या बाजारात पत्ते बदललेत. "भेंडी कुठं बसायलीय?" "रायभानच्या डाव्या कानाखाली." कांदे फेट्याखाली, मेथी गॉगलखाली. पार्वतीबाईंनी मिशीखालची जागा धरलीय. मला म्हणे ओळख पाहिजे होती!

परवा रात्री कडूबाई पोटभर जेवली. हात धुऊन म्हणाली, "खरं सांगू? मला लय बरं वाटायलंय. लग्नापासून पहिल्यांदाच तुमी कुणाच्या तरी डोक्यावर सावली धरली."

माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

"पण तुमच्यापेक्षा तो बांबूवरचाच बरा," ती पुढं म्हणाली. "दिवसभर कामावर असतो अन् तोंड उघडत न्हाई."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. (फोटोतही मिटलेलंच आहे. दात चांगले दिसत नाहीत म्हणून मेव्हण्यानं तसं बजावलं होतं.)