सासूबाईंचा हंडा आणि नायट्रोजन

वुकाशिनच्या यंत्रातून औषधाच्या भुकटीऐवजी फुटबॉलचं समालोचन ऐकू यायचं. रेडिओलहरी सोडून भुकटीतला नायट्रोजन ओळखायचा, एवढंच त्या यंत्राचं काम; पण नायट्रोजनचं क्षीण उत्तर नेमकं रेडिओ केंद्रांच्याच पट्ट्यात येतं, आणि त्या गोंगाटात त्याला विचारतो कोण! उपाय एकच होता, बाहेरच्या लहरी अडवणारं जाड तांब्याचं बंद भांडं. संस्थेकडे तांबं नव्हतं, सासूबाईंकडे होतं. वसंतात वुकाशिननं त्यांचा रकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायचा हंडा गुपचूप उचलून आणला. झाकणाला वाफेच्या नळीचं भोक होतंच, त्यातून वायर आत गेली आणि समालोचन बंद पडलं. पडद्यावर नायट्रोजनची रेषा ताठ उभी राहिली.

सप्टेंबरात एका दुपारी बेलग्रेडचे प्राध्यापक तपासणीला यायचे होते. त्यांनी मान डोलावली तर निधी, नाहीतर वुकाशिनची नोकरी गेलीच. त्याच दुपारी स्तामेंकाबाई प्रयोगशाळेत येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, हंडा काढा. पिपात आलुबुखार फसफसतायत."

"आई, आत प्रयोग चाललाय! आज नाही दिसलं तर मी घरी बसेन."

"आज नाही गाळलं तर सगळ्याचं व्हिनेगर होईल. आणि माझ्या मागं अख्खी आळी खोळंबलीय."

त्यांनी सरळ झाकण उचललं. यंत्र जोरात ओरडलं. नेमके तेव्हाच प्राध्यापक दारात आले.

"हे काय झालं?"

"गोल," स्तामेंकाबाई म्हणाल्या.

वुकाशिनला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. प्राध्यापकांनी शांतपणे झाकण लावलं. रेषा उभी. उचललं, समालोचन. लावलं, रेषा. लहान मुलासारखे ते बराच वेळ हेच करत बसले.

"चोख आहे! उद्या पुन्हा पाहू."

"उद्या हंडा माझा. परवा शेजारच्या रादिसावचा. बघायचंच असेल तर रांगेत या."

प्राध्यापकांनी अहवालात लिहिलं की या उपकरणाला प्रचंड मागणी असून नवं ताबडतोब मंजूर करावं.

हिवाळ्यात नवं भांडं आलं, जाड आणि लखलखीत. स्तामेंकाबाईंनी त्यावर टकटक करून पाहिलं.

"चांगलं मोठं आहे की. चिमूटभर भुकटीला कशाला एवढं? तुम्हाला आपला जुनाच सवयीचा."

त्या नवं घेऊन गेल्या. वुकाशिननंच दार उघडून दिलं. चोरी आधी त्यानंच केली होती. प्रयोगशाळेत आता कायम रकियाचा वास येतो, रेषा मात्र ताठ.

पुढच्या तपासणीत प्राध्यापकांनी विचारलं, "नवं भांडं कुठं दिसत नाही?"

"वापरात आहे," वुकाशिन म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं.