रावसाच्या पोटातला चष्मा

तो रविवार मी असा आखला होता की त्यात चूक शिरायला फटच नव्हती! अकराच्या ठोक्याला आमच्या संग्रहालयाच्या अध्यक्षा जानकीबाई येणार, मी लिहिलेल्या पाट्या पाहणार, आणि पाट्या बरोबर निघाल्या की माझी दीड वर्षांची तात्पुरती नोकरी कायम करणार. त्याआधी, दहा वाजता, मी आईबाबांना अर्ध्या तासात सगळं दाखवणार आणि साडेदहाच्या बसमध्ये बसवून देणार. मढच्या आमच्या कोळीवाड्यातली पहिली बी.एस्सी. मी! अर्ध्या तासाचं गणित मला जमणार नाही तर कुणाला?

हे अडुसष्ट सालचं. बाबाचा तो शेवटचा अख्खा दिवस होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबाला तर नाहीच, नाहीतर त्याने नवीन चपला घेतल्या नसत्या.

बाबा जन्मभर अनवाणी. पण लेकीच्या हापिसात जायचं म्हणून त्याने चपला घेतल्या, आणि मढच्या धक्क्यापासून होडी-बसने संग्रहालयाच्या दारापर्यंत त्या काखेत धरल्या. गिऱ्हाइकाला दाखवायचं पापलेट धरावं तशा!

"पायात घाल की!" आई म्हणाली.

"म्युझिअम आल्यावर घालतो. आतापासून कशाला झिजवू?"

मी त्यांना न्यायला मुद्दाम आदल्या दिवशी वसतिगृहातून घरी गेले होते. होडीतच मी नियम सांगितले. "कुठे हात लावायचा नाही. मोठ्याने बोलायचं नाही. आणि बाबा, माशांच्या पाट्यांत चुका काढायच्या नाहीत."

"चूक असली तर?"

"नसते. मी लिहिल्यात."

"मंग ठीक."

या 'मंग ठीक'वर मी विश्वास ठेवला! बी.एस्सी. होऊन काय उपयोग?

आमचं संग्रहालय म्हणजे अंधेरीतल्या एका जुन्या बंगल्याच्या दोन खोल्या. एकीत पक्षी, फुलपाखरं आणि एक माकड. दुसरीत शंख, शिंपले आणि मासे. निवृत्त विज्ञानशिक्षक अर्बन सरांनी ते उभं केलं होतं. भुसा भरण्याचं कामही सरांनी एकहाती केलेलं, त्यामुळे घुबडापासून मुंगसापर्यंत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर शंभर पेपर तपासून थकलेल्या माणसाचा भाव होता.

"या माकडाकडे नीट पाहा," सरांनी आईबाबांना सांगितलं. "याच्याच भाऊबंदाने साठ साली आरे कॉलनीत माझा चष्मा पळवला. सोनेरी काड्यांचा!"

आईने माकडाकडे रागाने पाहिलं. "मेल्याची नजरच चोराची हाय."

सर खूश! पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग आम्ही माशांच्या खोलीत शिरलो.

खोलीच्या मधोमध टेबलावर आमच्या संग्रहालयाचा मानकरी मासा पडला होता. चार फुटी, वॉर्निश लावून चकचकीत केलेला, पोटात भुसा आणि काथ्या. जानकीबाई येणार म्हणून त्याच्यावरची काचेची पेटी पुसायला काढली होती. पुढे माझ्या अक्षरातली माझी पहिली पाटी: रावस.

बाबाने पाटी वाचली. त्याला वाचायला जरा वेळ लागत असे. मग मासा पाहिला. त्याला मुळीच वेळ लागला नाही.

"मथुरा, ह्यो दाढा हाय."

"बाबा! काय ठरलं होतं?"

"मी चूक काढत नाय. मी नाव सांगतो."

"रजिस्टरमध्ये रावस लिहिलंय. पुस्तकात चित्र आहे. ताडून पाहिलंय मी."

"चित्राचं सोड. रावसाला पंखाखाली मिशांसारखे चार दोरे, दाढ्याला पाच. ह्याचे तुटलेत, पन बुंधे हायेत. बोट लावून बघ."

"हात लावायचा नाही!"

"मंग कळणार कसा?"

आईने पदर नाकाला लावला. "नाव कायपन असूंदे. एवढा मोठा मासा भुसा भरून ठेवला, खायचा कोणी?"

मी आईला समजावायला वळले, आणि तिथेच वाट लागली! चाळीस वर्षं मासा हातात आला की बाबाची बोटं आपसूक एकच काम करत: पोट दाबून आत गाबोळी आहे का ते पाहायचं. अंड्यांनी भरलेलं पोट बोटांना कळतं म्हणे. बाबाने दाबलं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ह्याच्या पोटात कायतरी हाय."

"भुसा आहे!"

"भुसा नाय. कडक हाय." आणि त्याने आणखी जरा दाबलं.

फट्‌ऽऽ! आठ वर्षांची शिवण गळ्यापासून शेपटीपर्यंत उसवली. भुसा उडाला, काथ्या लोंबला, खोलीभर धुरळा झाला. आणि त्या धुरळ्यातून, टेबलावर घरंगळत, बाहेर आला एक चष्मा. सोनेरी काड्यांचा!

पलीकडच्या खोलीतलं माकड सुटकेचा निःश्वास टाकत असावं.

"हा… हा इथे कसा?" सर म्हणाले.

"तुमी भरताना पडला असेल," आई म्हणाली. "आनि आळ मुक्या जनावरावर!"

पण सर ऐकायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी नाकावरचा चष्मा खिशात टाकला, सापडलेला धोतराच्या सोग्याला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. चेहरा कसा उजळला म्हणून सांगू! फक्त एक अडचण होती. आठ वर्षांत सरांचा नंबर दुप्पट झाला होता. आता त्यांना खांब आणि माणूस यांतला फरक कळत नव्हता.

घड्याळात पावणेअकरा! साडेदहाची बस केव्हाच निघून गेली होती.

"घाबरू नको गो," बाबा म्हणाला. त्याने खमिसाच्या खिशातून जाळं विणायची लाकडी सुई आणि सुताचं बंडल काढलं. चपला विसरला असता, पण सुई विसरला नसता! जमिनीवर मांडी ठोकून त्याने मासा मांडीवर घेतला आणि शिवायला बसला.

मी केरसुणी शोधायला धावले. तेवढ्या वेळात सर बाहेरच्या खोलीत दाराकडे गेले. त्यांना समोर एक बाई दिसली: हिरवंगार लुगडं, गळ्यात सोनं, अंबाड्यात अबोलीची वेणी. एकूण मोठा थाट!

"या, या, अध्यक्षाबाई!" सरांनी कमरेत वाकून नमस्कार केला, माझ्या आईला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या हातात गुलाबांचा गुच्छ दिला. "आमच्या संग्रहालयाबद्दल आपलं स्पष्ट मत सांगा."

आईला आयुष्यात स्पष्ट मत कुणी विचारलं नव्हतं. ती ते न विचारताच देत असे. "माल बरा हाय," ती म्हणाली. "पन सगळा शिळा!"

त्याच क्षणी दारात पांढऱ्या खादीतल्या एक बाई उभ्या राहिल्या. सरांनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"जरा बाहेर थांबा, बाई. आत अध्यक्षा आल्या आहेत."

"कोण अध्यक्षा?" जानकीबाईंनी विचारलं.

"मीच," आई म्हणाली आणि खुर्चीवर जरा सरकली. "या ना, तुमीपन बसा."

मी केरसुणी टाकून आले आणि सरळ सरांच्या नाकावरचा चष्मा काढला. सरांनी खिशातला चढवला. त्यांना आधी जानकीबाई दिसल्या, मग आई, मग गुच्छ, मग भुसा. त्या क्रमाने त्यांचा रंग उडत गेला.

जानकीबाई सरळ माशांच्या खोलीत गेल्या. बाबा शिवतच होता.

"हे कोण?"

मी पायाने भुसा टेबलाखाली ढकलू लागले. सर म्हणाले, "हे… शिवणकामाचे…"

"मी मथुराचा बापूस. धर्मा," बाबाने वर पाहिलं. "पोट माज्या हातून फुटला. पोरीचा काय दोष नाय."

"म्हणजे तुम्ही कोळी. मग तुम्हाला विचारायलाच हवं." जानकीबाईंनी माझी पाटी उचलली. "तुमच्या मुलीने बरोबर लिहिलंय का? रावसच ना हा?"

माझी कायम नोकरी मला बुडताना दिसली. कारण माझा बाबा माशाच्या बाबतीत खोटं बोलत नसे. कध्धीच! स्वतःच्या साडूच्या मुलीच्या लग्नात त्याने भर पंगतीत उभं राहून सांगितलं होतं की सुरमई कालची आहे. साडू त्यानंतर अकरा वर्षं आमच्याशी बोलला नाही.

बाबाने माझ्याकडे पाहिलं. मग माशाकडे. मग दोरा ओढून गाठ घट्ट केली.

"रावस," तो म्हणाला. "माज्या पोरीनं लिवलाय ना. रावसच."

जानकीबाईंनी माझ्या नोकरीच्या कागदावर तिथेच सही केली.

दुपारच्या बसला मी त्यांना पोहोचवायला गेले. चपला परत काखेत. मी हवेत तरंगत होते.

"शेवटी कबूल केलंस ना, बाबा?"

"काय?"

"रावस आहे म्हणून!"

बाबा खदखदून हसला. "दाढा हाय गो तो. बोट लावून बघ, पाच दोरे."

"पुस्तकात चार आहेत."

"ते रावसाचे."

"तुझं कधी चुकतच नाही, नाही का!"

बस सुटली. बाबाने खिडकीतून हात बाहेर काढून पाच बोटं दाखवली. लोकांना वाटलं, टाटा करतोय. मीही हात वर केला आणि अंगठा मुडपून चार दाखवली. तो हसत होता. आई त्याला हात आत घ्यायला सांगत होती.

सोमवारी दुपारी, होडीच्या सावलीत जाळं सांधता सांधता, बाबा गेला. हातातली गाठ अर्धी राहिली होती.

चौदाव्या दिवशी मी कामावर परतले. काचेची पेटी बाजूला केली आणि दीड वर्षात पहिल्यांदाच त्या माशाला हात लावला. पोटावर जाळ्याची शिवण होती, एकसारखी, पक्की. पंखाखाली, वॉर्निशच्या थराखाली, बोटाला बारीक बुंधे लागले. एक, दोन, तीन, चार.

आणि पाच.

"पण जानकीबाईंसमोर तुझ्या वडिलांनीच रावस सांगितलं," सर म्हणाले.

"खोटं सांगितलं, सर."

"का?"

मी कोरी पाटी पुढे ओढली. नवी पाटी लिहिली: दाढा. खाली बारीक अक्षरात: ओळखणारे, धर्मा कोळी, मढ.

पुढच्या रविवारी पाटी लावून मी माशासमोर उभी राहिले. "बाबा," मी म्हणाले.

शेजारी मुलाला घेऊन उभे असलेले गृहस्थ वळले. "मला काही म्हणालात?"

"नाही. माशाला."

त्यांनी मुलाचा हात घट्ट धरला आणि ते घाईघाईने माकडाकडे गेले. खोली रिकामी झाली. मी दार लोटून घेतलं, आणि वर्गात उत्तर द्यावं इतक्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"पाचच आहेत, बाबा. दाढाच तो. तुझंच खरं होतं."