आठ मिनिटांचा रुग्ण

लष्करी रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेला आठ मिनिटं दिली होती, फोन आल्यापासून रुग्ण खाटेवर पडेपर्यंत. मागच्या तपासणीत चौदा लागली होती, आणि या वेळी नापास झाला तर ड्रायव्हर हवालदाराची रवानगी रेशनच्या ट्रकवर ठरलेली. अकरा वर्षं ज्याने माणसं वाहिली त्याने आता कांदे वाहायचे, या विचाराने त्याला सकाळपासून घास गिळवत नव्हता.

रुग्ण म्हणून मैदानात आचाऱ्याला झोपवलं होतं, गळ्यात ‘पाय मोडला’ अशी चिठ्ठी. गाडी चौथ्या मिनिटाला पोचली, पाचव्याला आचारी आत. शेजारी स्टॉपवॉच मुठीत धरून तपासणी घेणारे कर्नलसाहेब. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि रुग्णालयाच्या फाटकाशी माशी शिंकली.

“पेशंटचं ओळखपत्र?” पहारेकऱ्याने विचारलं.

आचारी स्ट्रेचरवरूनच म्हणाला, “दुसऱ्या पँटीत राहिलं.”

“मग आत सोडता येणार नाही.”

“अरे, माणूस जखमी आहे,” कर्नल कडाडले. “असला हुकूम काढला कोणी?”

पहारेकऱ्याने निमूटपणे भिंतीवरचा कागद दाखवला. खाली सही कर्नलसाहेबांचीच होती.

सहा मिनिटं झाली. स्वतःचा हुकूम पहारेकऱ्यासमोर मोडायचा कसा, आणि अहवालात उशिराचं कारण लिहायचं तरी कसं, या पेचात साहेब लालबुंद झाले होते. हवालदार हळूच म्हणाला, “साहेब, ओळखपत्र तुमच्याकडे आहे.”

आचारी खाली उतरला, साहेब स्ट्रेचरवर आडवे झाले. फाटक उघडलं.

तपासणीची खबर रुग्णालयाच्या आत दिलेली नव्हती, त्यामुळे आतल्या डॉक्टरीणबाईंना काहीच कल्पना नव्हती. त्यांनी साहेबांना खाटेवर घेतलं आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळला.

“मी पेशंट नाही, तपासणी अधिकारी आहे.”

“बरं बरं. बोलू नका.” बाईंनी आकडा दोनदा पाहिला. “दोनशे दहा. डोकं किती दिवस दुखतंय?”

“तीन आठवडे,” साहेब एकदम खालच्या आवाजात म्हणाले.

“वेळेत आणलंत हो,” बाई हवालदाराला म्हणाल्या. “आज घरी सोडत नाही मी यांना.”

हवालदार दाराशी ताठ उभा होता. विचारायचा धीर होईना आणि विचारल्याशिवाय राहवेना. “साहेब, किती मिनिटं लागली?”

साहेबांनी मूठ उघडली. घड्याळ थांबवायचं राहूनच गेलं होतं. काटा सतराव्या मिनिटावर धावत होता. साहेब त्याच्याकडे बघत राहिले, मग दंडावरच्या पट्ट्याकडे.

“साडेसात,” ते म्हणाले, आणि घड्याळ उशीखाली सारलं.