पाव कमी

डॉक्टरांच्या गोळीचे अडकित्त्यानं चार सारखे तुकडे करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दिवेआगरात आमच्या शेजारी राहणारे अण्णा. घरची नारळी-पोफळीची वाडी, त्यामुळे सुपारी कातरण्यात हात बसलेला. सकाळी ओटीवर बसून ते गोळी अडकित्त्यात धरायचे, श्वास रोखायचे आणि कट्. मग तळहात माझ्यापुढे करायचे, "मास्तर, सारखे आहेत ना? खरं सांगा." मी शाळेत गणित शिकवायचो, म्हणून हा मान.

पासष्ट सालच्या आसपासची ही गोष्ट. त्याआधी अण्णा चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. बोलणं नाही, जेवायलाही हाताला धरून उठवावं लागे. देवाला कौल लावून झाले, शेवटी रेवसहून लाँचनं मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनासाठी म्हणून या गोळ्या दिल्या आणि अण्णा उठले. पण ते मूळचे अण्णा नव्हते.

मूळचे अण्णा खोड काढण्यात पटाईत. "बरं आहे, पण एक कमी आहे," हे त्यांचं पालुपद. माझ्या लग्नात अक्षता पडल्याबरोबर कानाशी येऊन म्हणाले, "जोडा छान आहे मास्तर, पण एक कमी आहे. नवऱ्याची उंची." गोळ्या सुरू झाल्या तशी तोंडाला कोरड पडली, चव गेली, आणि तिच्यामागोमाग पालुपदही गेलं. काहीही दाखवा, "छान." गावाला हे फार मानवलं. नारळ पाडणारा पांडू म्हणायचा, "गोली खातान तवर बरा हाय, मास्तर. झाडाव चढलो तरी छान, घसरलो तरी छान."

वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, आता सोडू, पण एकदम नाही. दर पंधरा दिवसांनी पाव कमी करा. अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, शेजारीच बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी अण्णांचा चहाबरोबरचा पाव बंद केला. अण्णा नुसता चहा प्यायले आणि म्हणाले, "छान." पंधरा दिवसांनी वहिनी मला विचारायला आल्या, "मास्तर, पाव तर संपला. आता काय कमी करू? भात?" तेव्हा कुठे मी डॉक्टरांची चिठ्ठी मागून वाचली आणि अडकित्ता ओटीवर आला.

पहिला पाव गेला नि अण्णांच्या पायाखालची जमीन हलू लागली. "लाँचमधून उतरल्यावर पाय डुलतात ना, तसं होतंय दिवसभर. फुकटचा प्रवास." स्वप्नंही पडू लागली आणि ती सकाळी मला ऐकावी लागू लागली. "काल आपल्या विहिरीवर हत्ती आला होता, मास्तर. स्वप्न बरं होतं, पण एक कमी होतं. रहाटच नव्हता." मी दचकलो. पालुपद परत येत होतं. पांडूनंही ते ओळखलं आणि डॉक्टरला कळवून गोळी चालू ठेवता येईल का, अशी माझ्याकडे चौकशी केली.

अर्ध्या गोळीवर मात्र गाडं अडलं. मळमळ, घाम, कुणी हाक मारली तरी चिडचिड. एका दुपारी वहिनी धावत आल्या, "मास्तर, ते परत भिंतीकडे वळून निजलेत हो." मी तसाच उठलो. जाऊन हाक मारली तर अण्णा कुशीवरून वळून माझ्यावरच खेकसले, "इकडून ऊन येतं डोळ्यांवर. माणसानं कुठल्या कुशीवर निजायचं, तेही आता गाव ठरवणार?"

मी डॉक्टरांना पत्र टाकलं. उत्तर आलं, घाई नको, आहे त्याच पायरीवर आणखी पंधरा दिवस थांबा. अण्णा थांबले. "पायरीवर बसायला लाज कसली? देवळात गेलं की बसतोच आपण."

शेवटचा पाव सुटून महिना झाला आणि वहिनींनी मला जेवायला बोलावलं. अण्णांनी आमटी-भात कालवून घास घेतला, मीही घेतला. आमटीत मीठच नव्हतं. अण्णा मुकाट्यानं जेवत होते. झालं, मला वाटलं, चव काही परत आली नाही.

वहिनी ताक आणायला आत गेल्या तसे अण्णा माझ्याकडे झुकले. "मीठ नाहीये. बोलू नका काही. इतके दिवस माझ्या तोंडाकडे बघून बघून तिचं कशात लक्ष राहिलेलं नाही. तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत, असं ठरवलंय मी."

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी पानाकडे पाहिलं. पान मांडताना आपल्याकडे सगळ्यांत आधी मीठ वाढतात. माझ्या पानात ती जागा मोकळी होती, अण्णांच्याही.

"अण्णा," मी म्हटलं, "आमटीत मीठ विसरेल एखादी बाई. पानात नाही विसरायची. सांगून टाका त्यांना."

अण्णांनी पानातल्या मिठाच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं. मग घसा साफ करून हाक मारली, "अगं, आमटी अळणी आहे."

वहिनी दाराआडच उभ्या असाव्यात. एका हातात ताकाचं भांडं आणि दुसऱ्या हातात मिठाची वाटी घेऊन त्या लगेच बाहेर आल्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशाच उभ्या राहिल्या.