आडवा उमेदवार

भाचा उंचीत अर्ध्या सेंटिमीटरने नापास झाला होता. अग्निशमन दलाने फेरतपासणीची एकच संधी दिली होती, आज दुपारी चारची. पुढच्या महिन्यात त्याचे वय भरतीची मर्यादा ओलांडणार होते. म्हणूनच सकाळी त्याने डोळे उघडले, तेव्हा आत्या त्याच्या छातीवर तळहात दाबून उभी होती.

"उठायचं नाही!"

आत्याने तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले होते. "अरे, मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्री पाणी पिऊन फुगतात आणि दिवसभर दबत जातात. सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच असतो. तो सेंटिमीटर चारपर्यंत सांभाळायचा."

"आणि चहा?"

"स्ट्रॉने."

"रविवारी हेच तर करतात हे," बायको म्हणाली, "तेही विनाकारण."

भाचा छताकडे पाहत राहिला. आपल्या पाठीत एखादे तळे संथपणे भरत आहे आणि मणके त्याच्या पायऱ्यांसारखे एकेक करून बुडत आहेत, असा त्याला भास होऊ लागला. घर खालून पाहिले की निराळेच दिसत होते. बायको चहा घेऊन वाकली, तेव्हा तिच्या हनुवटीखाली त्याला एक तीळ दिसला. सात वर्षांच्या संसारात त्याला त्याचा पत्ता नव्हता.

तीन वाजता प्रश्न आला तो वाहनाचा. बसले की मणके दबतात, म्हणून रिक्षा बाद. शेवटी शेजारच्या सुताराने त्याला आडवे न्यायला एक नवे दार दिले आणि टेम्पोही काढला. जिन्याच्या वळणावर दार कलताच आत्या किंचाळली, "अहो, सपाट धरा! उतरेल सगळी उंची!"

उघड्या टेम्पोतून ढग, तारा आणि झाडांचे शेंडे हळूहळू मागे सरकत होते. एका वृद्धाने गंभीरपणे टोपी काढली. भाच्याने त्याला हात केला. टोपी पुन्हा घालायला त्या वृद्धाला बराच वेळ लागला.

केंद्राच्या फाटकावर पहारेकरी आडवा आला. "आजारी माणसाची भरती होत नाही."

"आजारी नाहीये तो," आत्या म्हणाली.

"मग उठवा."

"उठवला तर आखूड होईल ना!"

पहारेकऱ्याने काही क्षण विचार केला आणि आपल्या आकलनापलीकडचे प्रकरण वरिष्ठांकडे जाऊ दिले.

उंचीच्या पट्टीखाली भाच्याला एका झटक्यात उभे करण्यात आले. रात्रीपासून आडव्या पसरलेल्या रक्ताला ही सूचना कोणी आधी दिली नव्हती. ते निमूटपणे पायांकडे निघून गेले. पट्टी डोक्याला टेकायच्या आत भाचा, देठ सुटलेल्या पानासारखा, अलगद जमिनीवर उतरला.

"रक्तदाबाचा धडा," आत्या पुटपुटली, "मी दरवर्षी घाईत उरकायचे."

दोन जवानांनी भाच्याला उचलले. त्याचे हात लोंबत होते, मान सैल होती, चेहऱ्यावर स्वप्नातले हसू होते. भरतीचे अधिकारी ते दृश्य एकटक पाहत राहिले.

"हा असा किती वेळ पडून राहू शकतो?"

"दिवसभर," बायको नकळत अभिमानाने म्हणाली.

"आमचा सरावाचा पुतळा फाटलाय. धुरातून, खिडकीतून, शिडीवरून खाली आणायला माणूस हवाय. जागा कायमची, पगार जवानाचाच."

आत्या एक पाऊल पुढे आली. "आणि उंचीची अट?"

"खांद्यावरून न्यायचाय, बाई," अधिकारी म्हणाले. "जितका आखूड तितका बरा."